उन्हातला माणूस आणि सावलीतले आपण

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला. पाऊस तोंडावर आला होता, त्यामुळे घाई होती. सकाळी आठला मिक्सर सुरू झाला. स्लॅबचे काम एकदा सुरू झाले की मध्ये थांबवता येत नाही, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागली आणि घमेली हातोहात वर जाऊ लागली. आम्ही समोर आंब्याच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलो होतो. देखरेख करीत होतो, असे म्हणू या.

दुपारी एकच्या सुमारास रांगेतल्या एका पोराचे पाय लटपटू लागले. जेमतेम विशीतला असेल. हातातले घमेले त्याने भलतीकडेच पुढे केले, काहीतरी असंबद्ध बोलला आणि शिडीपाशी खाली बसला. मुकादम ओरडला, “काय रे, सकाळीच लावून आलास काय?” दोघेतिघे हसले. खरे सांगायचे तर आम्हालाही तेच वाटले. शेजारच्या घरातली मुलगी नर्स आहे. रात्रपाळी करून ती नुकतीच घरी आली होती. आवाज ऐकून ती बाहेर आली, तिने त्या पोराच्या मानेला हात लावला आणि म्हणाली, “काका, हा प्यालेला नाही. ह्याला ऊन लागलंय. आधी पाणी ओता ह्याच्या अंगावर, बोलत नका बसू.”

आम्ही त्याला सावलीत ओढले. अंगावर बादल्या ओतल्या, ओली चादर टाकली, घरातला टेबलफॅन बाहेर आणून लावला. त्याला नीट शुद्ध नव्हती, म्हणून तिने तोंडात पाणी घालू दिले नाही. ते श्वासनलिकेत गेले असते. मग रिक्षा, मग दवाखाना. तो पोरगा वाचला. डॉक्टर एवढेच म्हणाले, “अंग लगेच थंड केलंत म्हणून बरं झालं.”

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पोरगा वाचला होता, दवाखान्याचे बिल आम्ही भरले होते, मुकादमही ओशाळला होता. तरीही एक प्रश्न मनातून जात नव्हता. त्याला काही झाले असते, तर त्याला कोणी मारले असते? उन्हाने, की सावलीत बसलेल्या आम्ही?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा, तर आधी आपले शरीर उन्हाशी कसे झगडते ते समजून घ्यायला हवे.

घरात मूल किरकिर करू लागले की आई पहिल्यांदा काय करते? हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावते. मग थर्मामीटर शोधला जातो. त्यावर ९८.६ फॅरनहाइट, म्हणजे ३७ अंश सेल्सियस, हा आकडा आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदी अभ्यासून १८६८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा आकडा रूढ झाला. आजची मोजमापे त्याहून किंचित कमी येतात, पण मुद्दा तोच आहे. बाहेर जानेवारीची पहाट असो की मे महिन्याची दुपार, निरोगी माणसाच्या शरीराच्या आतले तापमान जवळजवळ एकाच ठिकाणी राहते.

हे आपोआप होत नाही. आपण स्वस्थ बसलेले असतानासुद्धा शरीरात साधारण शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता सतत तयार होत असते. ती बाहेर गेलीच नाही, तर अंग तासाला एक अंशाहून अधिक तापेल. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखा रात्रंदिवस जागा असतो. रक्त जरा तापले की तो त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करतो, म्हणजे आतली उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते. उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, तो यामुळे. तेवढ्याने भागले नाही, तर तो घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथींना कामाला लावतो. उलट थंडी पडली की त्याच वाहिन्या आकसतात, अंगावर काटा येतो, दात वाजू लागतात. हे कुडकुडणेही कामच आहे. स्नायू हलतात आणि उष्णता तयार होते.

ताप येतो तेव्हा हा वडीलधारा स्वतःच ठरलेला आकडा वर नेतो, रोगजंतूंशी लढण्यासाठी. म्हणून अंग तापलेले असतानाही थंडी वाजते. घाम फुटला की आपण म्हणतो, “ताप उतरला.” ते अगदी बरोबर आहे. ऊन लागते तेव्हा मात्र आकडा कोणी वाढवलेला नसतो. शरीर थंड होण्यासाठी धडपडत असते आणि हरत असते. म्हणूनच उष्माघातावर तापाची गोळी चालत नाही. अंग बाहेरून थंड करावे लागते, आणि तेही ताबडतोब. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू गोंधळतो, माणूस बरळतो, झोकांड्या खातो. पाहणाऱ्याला वाटते, हा प्यालेला आहे.

आता घामाविषयी. ‘घाम गाळणे’ हा आपला अभिमानाचा शब्दप्रयोग आहे. पण गाळलेल्या घामाने शरीर थंड होत नाही. घाम वाळला तरच थंड होते. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नाकावरून टपकन खाली पडला, तर शरीराचे पाणी गेले, मीठ गेले, पदरात काही पडले नाही.

ही गोष्ट लंडनमध्ये २५० वर्षांपूर्वी काही मंडळींनी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून पाहिली. १७७४ साली डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस यांनी भट्टीसारख्या खोल्या तापवल्या. चार्ल्स ब्लॅग्डेन यांच्यासह काही जण त्यांत जाऊन बसले आणि पुढच्या वर्षी ब्लॅग्डेन यांनी तो सगळा वृत्तांत रॉयल सोसायटीपुढे ठेवला. कोरड्या हवेच्या खोलीत तापमान २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे पाणी उकळते त्याच्याही वर, नेले होते. आत ठेवलेली अंडी कडक शिजली, मांसाचा तुकडा भाजून निघाला. शेजारी उभी असलेली माणसे मात्र काही मिनिटांनी चालत बाहेर आली. याउलट, दमट हवेची खोली याहून कितीतरी कमी तापमानालाही फार जाचक वाटली. तिथे अंगावरून पाणी वाहत होते, पण ते वाळत नव्हते.

आपण समुद्राकाठची माणसे आहोत. नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ वर गेल्याचे वाचून आपण म्हणतो, “आपल्याकडे बरं आहे, ३६ च आहे.” पण आपल्याकडची हवा ओली असते. हवेत आधीच वाफ भरलेली असली की ती आपला घाम स्वीकारत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान मोजतात, ते ३५ अंशांवर गेले तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल, असे शास्त्रज्ञांनी २०१० साली गणित मांडले होते. २०२२ साली अमेरिकेत निरोगी तरुणांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दमट हवेत हलकी हालचाल करतानाही ३०-३१ अंशांच्या पुढे त्यांच्या शरीराला आतले तापमान आवरता येईना.

आणि त्या पोराचे काम हलके नव्हते. स्नायूंनी खर्च केलेल्या शक्तीतील जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष कामात जातो, उरलेल्याची उष्णता होते. घमेली उचलणाऱ्या माणसाच्या अंगात शंभर वॉटचा बल्ब नव्हे, चारशे-पाचशे वॉटची शेगडी पेटलेली असते. तिची उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दहा-बारा मिनिटांत अंग एक अंशाने तापते.

म्हणजे शरीराचा हा वडीलधारा कितीही दक्ष असला, तरी त्याची सत्ता कातडीपाशी संपते. पुढचे काम बाहेरच्या जगाचे आहे. हवेने घाम घ्यायला हवा, झाडाने सावली द्यायला हवी, कोणीतरी पाणी पुढे करायला हवे. आणि कोणीतरी म्हणायला हवे, “बस जरा.”

मनुष्याच्या बाबतीत हे पहिल्या दिवसापासून खरे आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. कमी दिवसांचे बाळ असेल तर ते फार लवकर गार पडते. कोलंबिया देशात बोगोटा शहरातील एका प्रसूती रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून त्या पद्धतीला ‘कांगारू मदर केअर’ हे नाव पडले. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी बाळे जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी ठेवली तर त्यांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. आपल्यापैकी प्रत्येक जण दुसऱ्याच्या उबेवर जगायला शिकला आहे. ३७ अंश हे आपण एकट्याने कमावलेले नाहीत.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही तेच. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान लागल्याचे कळत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातले पाणी कमी होते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी त्यावर पुस्तक लिहिले. जिथे रस्ते गजबजलेले, दुकाने उघडी आणि ओळखीपाळखी होत्या, तिथे गरिबी असूनही माणसे तुलनेने वाचली. जिथे म्हातारी माणसे भीतीने दारेखिडक्या बंद करून बसली होती, तिथे ती घरातच गेली. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार मृत्यू झाले. पुष्कळ कुटुंबे सुट्टीवर गेलेली होती. पॅरिसमध्ये पन्नासहून अधिक मृतदेहांवर कोणी हक्कही सांगितला नाही. शहरानेच त्यांना मूठमाती दिली. त्या धक्क्यानंतर फ्रान्सने २००४ साली कायदा करून पेंटेकॉस्ट सणानंतरच्या सोमवारची सुट्टी कामाचा दिवस ठरवली आणि त्या दिवसाचे उत्पन्न वृद्ध व अपंगांच्या सेवेकडे वळवले. पुढे दिवस निवडण्याची मुभा दिली गेली. त्या कायद्यावर तिथे बरीच टीका झाली. पण एका देशाने मान्य केले की हे मृत्यू केवळ सूर्यामुळे झाले नाहीत.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. प्रत्येकाने स्वतःची काळजी घ्यायला नको का? टोपी घाला, पाणी प्या, उन्हात जाऊ नका, हे सरकार दरवर्षी सांगते. सुजाण माणसाने ऐकायला हवे. आम्हीही त्या पोराच्या मुकादमाला हेच म्हणालो होतो, “पाण्याचा पिंप भरून ठेवला होता की! का प्याला नाही तो?”

मुकादमाने दिलेले उत्तर आम्ही विसरलेलो नाही. तो म्हणाला, “शेठ, रांग सोडली तर घमेली तुंबतात. मग सगळे त्याच्यावर ओरडतात. तुम्हीपण वरून बघत होता ना.”

शरीर माणसाला वेळेवर सूचना देते. थकवा येतो, डोके जड होते, सावलीत जावेसे वाटते. हा आळस नव्हे. तो हायपोथॅलॅमसचा शेवटचा आणि सर्वांत शहाणा उपाय आहे. घाम आणि रक्तवाहिन्या हरल्या की तो माणसाला थांबायला सांगतो. पण रोजंदारीवरच्या माणसाला हा हुकूम पाळता येत नाही. थांबायचे की नाही हे त्याचा मेंदू नव्हे, कामाचा मालक ठरवतो. आमच्या मते नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याची विश्रांती आहे, त्याच्या हाती दुसऱ्याच्या शरीराचे तापमान आहे. त्याने ते मागितलेले नसेल, त्याला त्याची जाणीवही नसेल, पण ते त्याच्या हाती आहे. ‘पाणी ठेवले होते’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही. प्यायला वेळ दिला होता का, हेही विचारले जाईल.

द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. सकाळपासून राबलेले मजूर कुरकुर करतात, तेव्हा आपले मन मालकाच्या औदार्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या कुरकुरीत दिवसभराच्या उन्हाचा उल्लेख आहे, इकडे आमचे लक्ष त्या मे महिन्यापर्यंत कधी गेले नव्हते.

गर्दीच्या कार्यक्रमांनाही हेच लागू आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर उन्हात, उघड्या मैदानावर शासनाचा पुरस्कार सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. लाखो माणसे श्रद्धेने तासन् तास बसून राहिली. १४ जण गेले. त्या वेळी टीव्हीसमोर बसून आपण सर्वांनी आयोजकांना नावे ठेवली. पण आपल्या सणांच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती, शाळांचे क्रीडादिन यांच्या वेळा ठरवताना आपण काय पाहतो? पाहुण्यांची सोय पाहतो, फोटोग्राफरचा उजेड पाहतो. बँडवाला काळ्या कोटात घामाने निथळत असतो. वाढपी मंडपामागे चुलीशी उभा असतो. श्रद्धेने आलेला माणूस उठून जात नाही, मजुरीवर आलेलाही उठून जाऊ शकत नाही. म्हणूनच त्या दोघांची जबाबदारी बोलावणाऱ्यावर अधिक येते.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, कारण ती आपल्या बेडरूममधली आहे. एअरकंडिशनर गारवा तयार करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतःची थोडी भर घालतो. भिंतीच्या पलीकडे चाळ असेल, गल्लीत भाजीवाली बसली असेल, तर ती उष्णता तिच्या वाट्याला जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात, आपल्या घातक सवयींचे साधे उदाहरण म्हणून वाढत्या एअरकंडिशनरचाच उल्लेख केला आहे. आजारी माणसाला, म्हाताऱ्या आईवडिलांना एसी लावू नका, असे कोणी म्हणणार नाही. कित्येकदा त्याने जीव वाचतो. पण आपला गारवा फुकट नसतो, तो कोणाच्या तरी अंगणात तापतो, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

मग करायचे काय? हताश होण्याचे कारण नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादला उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला: आधी इशारा, पाण्याची सोय, डॉक्टरांना प्रशिक्षण. नंतर इतर शहरांनी तो उचलला. आपली कित्येक मुले आखातात कामाला जातात. त्यांतल्या कतारमध्ये २०२१ च्या नियमाने १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचे बंधन आले. आपला मुलगा तिथे असताना हा नियम आपल्याला न्यायाचा वाटतो. मग आपल्या अंगणात दुसऱ्याचा मुलगा घमेले उचलत असताना तो परवडत नाही असे का वाटते?

परवडण्याचे म्हणाल, तर आम्ही हिशेब केला आहे. उरलेल्या प्लास्टरचे काम आम्ही सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते साडेसहा असे करवून घेतले, मजुरी पूर्ण दिवसाची दिली. काम आठ दिवस लांबले. खर्च वाढला, ठेकेदार नाराज झाला, पहिल्या पावसात एक भिंत भिजली. हे आम्ही मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत, कर्ज काढून जो दोन खोल्या बांधतो, त्याला हे कसे जमावे, याचे उत्तर आमच्याकडे नाही. तिथे एकट्याच्या भलेपणाने भागणार नाही. सर्वांसाठी एकच नियम हवा, म्हणजे जो माणुसकीने वागतो तोच तोट्यात जाणार नाही.

पण काही गोष्टी नियमावाचून, आजपासून करता येतात. गॅसचा सिलिंडर घेऊन जिना चढून आलेल्याला, कुरिअरच्या पोराला, कचरा उचलणाऱ्या बाईला पाणी विचारावे आणि ती पिईपर्यंत घाई करू नये. गल्लीत एकटी राहणारी आजी असेल, तर उन्हाळ्यात दुपारी एकदा दार वाजवावे. अंगणातले झाड गाडी लावायला अडते म्हणून तोडण्याआधी त्याखाली कोण कोण बसते ते पाहावे. आणि उन्हात कोणी झोकांड्या देताना दिसला, तर हसण्याआधी त्याच्या मानेला हात लावून पाहावा.

याला आपण दया म्हणतो, उपकार म्हणतो. आम्हाला आता तो शब्द पटत नाही. आमच्या डोक्यावरचा स्लॅब त्या पोराच्या अंगातल्या उष्णतेने भरला गेला आहे. त्याला सावली आणि घोटभर पाणी देणे हे दान कसले? ते देणे आहे, आणि ते आम्ही वेळेवर चुकते केले नव्हते.

तो पोरगा गणपतीच्या आधी एकदा येऊन गेला. कामाचे काही आहे का, म्हणून विचारायला आला होता. आम्ही त्याला ओटीवर बसवले, चहा दिला. त्याने वर पाहिले आणि विचारले, “स्लॅब गळत नाही ना?”

नाही, स्लॅब गळत नाही. खाली छान गार वाटते.